रडण्याचा रकाना

मेट्रनबाई आणि कंपाउंडर यांची जोडी लावायची कल्पना ज्या डोक्यातून निघाली, त्या डोक्याला कोपरापासून नमस्कार. हॉस्पिटलातल्या झाडूवाल्या मावशींना विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं, की बाई गं, त्या दोघांचा छत्तीसचा आकडा आहे, एक वेळ विळ्याभोपळ्याचं जमेल. पण छावणीच्या प्रमुख होत्या छोट्या डॉक्टर. वय एकतीस, उंची मेट्रनबाईंच्या खांद्याला लागेल एवढी, आणि स्वभाव असा, की कुणाला काही विचारायच्या आधी यादी करून मोकळ्या. त्यांनी चोवीस माणसांची वयाप्रमाणे यादी केली आणि वरून दोन-दोन नावं जोडत खाली आल्या. सगळ्यात वर मेट्रनबाई, सत्तावन्न वर्षं दहा महिने. त्यांच्या खाली कंपाउंडर, छप्पन्न. झाली जोडी.

पुराला तेव्हा चार दिवस झाले होते. नदीकाठची अर्धी वस्ती पाण्याने नेली होती, उरलेली चिखलात बसली होती, आणि हॉस्पिटलने टेकडीवरच्या शाळेत एकवीस दिवसांसाठी छावणी टाकली होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत बाळंतपणं, सहावीच्या वर्गात तापाचे रोगी, चौथीच्या वर्गात जखमांची ड्रेसिंग. चौथीतले बाक चौथीतल्या मुलांच्याच मापाचे, त्यामुळे मेट्रनबाई बसल्या की त्यांचे गुडघे हनुवटीला टेकायचे. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसायची कुणाची टाप नव्हती. औषधं ठेवली होती विज्ञानाच्या प्रयोगशाळेत. तिथे एक सांगाडा होता आणि तो हलवायला दुसरी जागा नव्हती. म्हणून औषधांच्या खिडकीत कंपाउंडर आणि सांगाडा असे शेजारी-शेजारी दिसत. नव्या माणसाला पत्ता सांगताना ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर म्हणायचा, "खिडकीत दोघं दिसतील, त्यातला जो हलेल त्याच्याकडून गोळ्या घ्या."

या दोघांचं भांडण अकरा वर्षांचं. मेट्रनबाईंनी कापसाचं आणि बँडेजचं मागणीपत्र पाठवलं होतं, आणि कंपाउंडरने त्यावर लाल शाईने 'अक्षर लागत नाही, पुन्हा लिहा' असा शेरा मारून ते परत पाठवलं. लाल शाईने, तेही मेट्रनला. मेट्रनबाईंनी ते पुन्हा लिहिलं, पण त्या दिवसापासून त्या माणसाशी बोलणं बंद केलं ते केलंच. काही मागायचं तर आयाच्या हाती कागद, उत्तर द्यायचं तर त्याच कागदाच्या पाठीवर. अकरा वर्षांत कॅन्टीनमध्ये, लिफ्टमध्ये, कुणाच्या तरी मुलीच्या लग्नात शेजारच्या खुर्चीवरसुद्धा, एक अवाक्षर नाही. दोघेही हट्टाला पेटले की कुणाला आवरायचे नाहीत, त्यामुळे समेट करायला कुणी मधे पडलं नाही.

तर पहिल्या संध्याकाळी छोट्या डॉक्टरांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना उभं करून पिवळी कार्डं वाटली. कार्डावर वर जोडीदाराचं नाव, खाली एकवीस ओळी, आणि प्रत्येक ओळीत तीन रकाने. जेवलात का. झोपलात का. रडलात का.

"रोज संध्याकाळी आपल्या जोडीदाराला हे तीन प्रश्न विचारायचे," छोट्या डॉक्टर म्हणाल्या, "आणि त्याच्या कार्डावर उत्तर आपण लिहायचं. स्वतःचं कार्ड स्वतः भरायचं नाही. कार्डं इथे खिळ्यांवर टांगलेली राहतील. त्यावरून मला कळेल, कुणाला घरी पाठवायचं ते. आणि जोडीतला एक गेला की दुसराही जाईल. इथे एकटं कुणी राहायचं नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मेट्रनबाईंनी मात्र कार्डावरचा तिसरा रकाना पुन्हा एकदा वाचला.

आता त्यांची अडचण समजून घ्यायला हवी. ही त्यांची आठवी छावणी आणि शेवटची. दोन महिन्यांनी निवृत्ती. आधीच्या सातही छावण्यांत, मग तो भूकंप असो, आग असो की रेल्वेचा अपघात, शेवटच्या दिवशी दाराला कुलूप लावून सगळ्यांच्या नंतर बाहेर पडल्या त्या मेट्रनबाईच. मधूनच घरी गेल्या असं एकदाही घडलं नाही, आणि ही शेवटचीही अशीच पार पाडायची हे त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं. निवृत्तीनंतर घरी बसून काय करायचं याचा विचार केला की त्यांना धडकी भरायची. तो विचार मागे ढकलायला निदान ही एक छावणी तरी अखेरपर्यंत पदरात पडायला हवी होती. आणि आजवरच्या अनुभवाने त्यांना एक पक्कं ठाऊक होतं. छावणीत जो रडला, त्याच्या खांद्यावर कुणीतरी प्रेमाने हात ठेवतं, त्याला पाणी पाजतं, आणि परतीच्या गाडीत बसवून देतं.

म्हणजे तिसरा रकाना हा घरी पाठवण्याचा रकाना, हे उघडच होतं. आणि त्या रकान्यात आपल्या नावापुढे काय लिहायचं, हे लाल शाईवाल्याच्या हाती. त्याहून वाईट म्हणजे तो स्वतः कधी ढेपाळला तर त्याच्याबरोबर आपलीही वरात निघणार. माणूस तसा तब्येतीने काटकुळाच.

रात्रपाळीच्या काही नर्सेस पहाटे सगळ्या वॉर्डाचा ताप थर्मामीटर न लावताच एका बैठकीत लिहून काढतात, हे कुणी कबूल करत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. मेट्रनबाईंनी उभ्या जन्मात अशा पोरींना धरधरून झापलं होतं. कसं पकडायचं हे ज्याला येतं त्याला कसं निसटायचं हेही येतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी, खोलीत कुणी नाही असं बघून, त्यांनी कंपाउंडरचं कार्ड खिळ्यावरून काढलं आणि एकवीसच्या एकवीस दिवस भरून टाकले. तीन वेगवेगळी पेनं वापरली. सगळं एकसारखं लिहिलं की संशय येतो, म्हणून मधूनमधून बारीक फरकही केले. सहाव्या दिवशी 'झोप पाच तास'. अकराव्या दिवशी 'जेवण ठीक'. चौदाव्या दिवशी तर 'पोट बिघडलं, फक्त भात खाल्ला' असं लिहून त्या स्वतःवरच खूश झाल्या. रडण्याच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत 'नाही'.

कार्ड परत टांगताना शेजारच्या खिळ्यावरचं स्वतःचं कार्ड त्यांनी सहज उलटून पाहिलं. तेही पूर्ण भरलेलं होतं. पहिल्या ओळीत 'हो, हो, नाही', आणि त्याखाली वीस ओळी नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणा. माणसाने पेन बदलायचीही तसदी घेतली नव्हती.

अकरा वर्षांत प्रथमच मेट्रनबाईंना त्या माणसाविषयी बरं वाटलं. पण हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही.

मग काम सुरू झालं, आणि कामापुढे कार्डांची कुणाला शुद्ध राहणार. पुराच्या जखमा पायांना. चिखलाखाली काय-काय असतं, पत्रे, खिळे, बाटल्या, कुणाच्या तरी खिडकीची काच, आणि माणसं त्यातूनच अनवाणी आपलं घर शोधत फिरतात. मेट्रनबाई सकाळी सातला चौथीच्या बाकावर बसत आणि पावलामागून पाऊल धूत. रोजचे ऐंशी-नव्वद पाय व्हायचे. हात हलका, तोंड तिखट. "हलू नका. पाय माझ्याकडे दिलाय ना, मग त्याची काळजी तुम्ही करू नका." एक म्हातारबाबा रोज चांगला पाय घेऊन यायचे आणि तो धुऊन मागायचे. तिसऱ्या दिवसापासून मेट्रनबाईंनी त्यांना काही विचारणं सोडून दिलं. पाय धुवायचा, पट्टी बांधायची, उद्या या म्हणायचं.

दुपारी अडीचला घरून फोन. मेट्रनबाईंचे यजमान निवृत्त ग्रंथपाल. हजारो पुस्तकं क्रमाने लावलेला माणूस, पण स्वयंपाकघरातल्या तीन फळ्या त्यांना लागत नाहीत.

"अगं, कुकरच्या शिट्ट्या किती?"

"तीन."

"चार झाल्या."

"मग खिमट झालं असेल. तेच खा."

एवढं बोलणं होऊन फोन बंद. तू कशी आहेस, तिकडे कसं चाललंय, असले प्रश्न त्या घरात विचारायची पद्धत नव्हती. मेट्रनबाईंनीच ती कधी पडू दिली नव्हती.

आठव्या दिवशी दुपारी छोट्या डॉक्टरांनी मेट्रनबाईंना शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर चोवीस पिवळी कार्डं पसरली होती.

"मेट्रनबाई, एक सल्ला हवा होता," छोट्या डॉक्टर म्हणाल्या. चेहरा अगदी गंभीर. "कंपाउंडरकाकांचं पोट चौदाव्या दिवसाच्या ओळीत बिघडणार आहे. आज आठवा दिवस. तर आत्ताच औषध सुरू करावं का?"

मेट्रनबाईंनी उभ्या आयुष्यात लोकांचं पितळ उघडं पाडलं होतं. स्वतःचं पडलं की कसा चेहरा करायचा याचा त्यांना सराव नव्हता. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"तुम्ही दोघंच नाही," छोट्या डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं बघून ड्रायव्हरने भरलं, ड्रायव्हरचं बघून लॅबवाल्यांनी. चोवीस माणसं, आठ दिवस. या आठ दिवसांत आपण इथे काय-काय पाहिलं ते मी तुम्हाला सांगायला नको. आणि रडण्याच्या रकान्यात एकही 'हो' नाही. एकही. मी माणसं घेऊन आले आहे की खडी?"

"रडलं की तुम्ही घरी पाठवणार," मेट्रनबाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात."

छोट्या डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग खुर्चीत मागे टेकल्या. "मेट्रनबाई, मी स्वतः काल रडले. परवाही रडले. बाळंतपणाच्या खोलीत, मुख्याध्यापकांच्या कपाटामागे उभी राहून. रडणाऱ्यांना मी कशाला घरी पाठवू? मला भीती आहे ती ज्याचं कार्ड एकदम छान असतं त्याची. तसा माणूस दहा दिवस छान असतो, आणि अकराव्या दिवशी हातातली सलाईनची बाटली खाली ठेवून कुठेतरी चालू पडतो. मागच्या छावणीत असं झालं होतं. सहा तास शोधत होतो आम्ही."

ही पोरगी इंटर्न असताना तिला सुई धरायला त्यांनीच शिकवली होती. आता तिने सुई बरोबर शिरेत घातली होती.

"उद्या संध्याकाळपर्यंत नवी कार्डं," छोट्या डॉक्टर म्हणाल्या. "खरोखर विचारून. आणि ज्याचं पुन्हा सगळं छानछान येईल, त्याला परवाच्या ट्रकने परत पाठवणार. त्यात तुम्हीही आल्या. मला वाईट वाटेल, पण पाठवणार."

ही बातमी फुटायला पाच मिनिटं लागली, आणि छावणीचं धाबं दणाणलं. ज्या माणसांनी आठ दिवस दात-ओठ खाऊन डोळे कोरडे ठेवले, त्यांना आता उद्या संध्याकाळपर्यंत रडून दाखवायचं होतं. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर छोट्या डॉक्टरांना विचारून आला, की काल डोळ्यात चिखल उडाला तेव्हा पाणी आलं होतं, ते धरता येईल का. लॅबवाला म्हणाला, मला वेळ ठरवून द्या, असं अवेळी मला येत नाही. झाडूवाल्या मावशींचा भाव वधारला, कारण त्यांच्या जोडीदाराने कार्डावर काहीही लिहिलं असलं तरी त्या रोज रडत होत्या आणि रोज कामही करत होत्या. माणसं त्यांच्याजवळ जाऊन, मावशी कसं जमवता हो, असं हळूच विचारू लागली.

"जमवायचं काय त्यात?" मावशी म्हणाल्या. "झाडू मारताना पोराचा बूट सापडला. रडले. पुढे झाडू मारला."

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी हे काम सव्वादोन ते अडीच या वेळेत उरकायचं ठरवलं. जागा निवडली खेळाच्या सामानाची खोली. आत जाऊन कडी लावली, एका चटईवर बसल्या, आणि वडील गेले तो दिवस आठवला. तर आठवलं काय, की त्या दिवशी ऑक्सिजनच्या नळीचा जोड सैल होता आणि तो घट्ट करायला आपल्यालाच उठावं लागलं होतं. मग पहिल्या छावणीतली एक मुलगी आठवली, तिला मांडीत टाके घातले होते. किती? अकरा. आत रेशमाचे, बाहेर नायलॉनचे. मेट्रनबाईंना स्वतःचा राग आला. जे दुःख आठवावं त्याच्यातून कामच वर येत होतं. तेवढ्यात अडीचला फोन वाजला.

"अगं, कुकरचं रबर कुठल्या बाजूने बसवायचं?"

"अहो, मी रडायला बसले आहे."

"बरं," यजमान म्हणाले. "मग झाल्यावर सांग." आणि फोन ठेवला.

मेट्रनबाई चटईवरून उठल्या तेव्हा तीन वाजत आले होते. डोळे ठणठणीत कोरडे, आणि खोलीतले सगळे चेंडू लहान-मोठे असे क्रमाने लावून झाले होते. म्हणजे उद्या ट्रक. शेवटची छावणी अर्धवट टाकून मधेच परत.

राहिला होता कंपाउंडर. त्याला खरोखर विचारणं भाग होतं. पाच वाजता त्या औषधांच्या खिडकीसमोर रांगेत उभ्या राहिल्या, कारण रांग मोडून आलेल्याला कंपाउंडर दारात उभं करत नसे, मग ती मेट्रन का असेना. सगळ्यात पुढे एक लाल स्वेटर घातलेली बाई होती. तिची पाळी आली. तिने औषधाची चिठ्ठी काढली नाही. ती म्हणाली, "साहेब, बहिणीचं काही कळलं?"

"नाही," कंपाउंडर म्हणाला. "नाव आहे माझ्याकडे. उद्या या."

तिच्या मागचा माणूसही औषधासाठी आलेला नव्हता. त्याचा मुलगा सापडत नव्हता. त्याच्या मागच्या आजींचे यजमान. कंपाउंडर शेजारची जाड वही उघडायचा, नाव, वय, अंगावर काय कपडे होते, शेवटचं कुठे दिसलं, सगळं विचारून लिहायचा. मेट्रनबाई बघत राहिल्या. बेपत्ता माणसांचं टेबल टेकडीखाली तलाठ्याच्या तंबूत होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. पण खिडकी, वही आणि चष्मा या तीन गोष्टी एका ठिकाणी दिसल्या की माणसाला वाटतं इथेच आपलं काम होणार. पहिल्या दिवशी कंपाउंडरने चार जणांना खाली पिटाळलं होतं. पाचव्याला पिटाळायला जीभ वळली नाही. त्याने नाव लिहून घेतलं. मग ती रांग वाढतच गेली.

मेट्रनबाईंचा नंबर आला. अकरा वर्षांनी त्यांनी तोंड उघडलं.

"जेवलात का?"

कंपाउंडरने मान वर केली. "मागणीपत्र आणलंय?"

"मागणी नाही. कार्ड आहे. जेवलात का?"

त्याने जरा आठवून पाहिलं. "काल जेवलो बहुतेक."

"झोपलात का?"

"आडवा होतो. नावं येतात. एकदा सुरू झाली की क्रमाने सगळी म्हणून झाल्याशिवाय थांबत नाहीत. दोनशे बारा झाली आहेत. मधलं एखादं विसरलं की उठून वही बघतो, आणि पुन्हा पहिल्यापासून."

बोलता-बोलता तो गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होता. दहा म्हणाला आणि आठ ठेवल्या. पुन्हा दहा म्हणाला आणि अकरा ठेवल्या. उभ्या हॉस्पिटलात ज्याच्या मोजणीत कधी एका गोळीचा फरक आला नाही, तो हा माणूस. मेट्रनबाईंनी न विचारता त्याचं मनगट धरलं. नाडी एकशे चौदा, आणि हात थंडगार. त्यांना स्वतःच्या हातांनी तीन पेनं वापरून लिहिलेल्या एकवीस ओळी आठवल्या, आणि शरमेने कान तापले. या माणसाला कुणीच विचारलं नव्हतं, कारण विचारायचं काम त्यांच्याकडे होतं.

"रडलात का?" त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता.

"खिडकीत बसून? लोक काय म्हणतील. ज्याच्याकडे नाव दिलं तोच रडतोय म्हटल्यावर." त्याने मनगट सोडवून घेतलं. "तुमचं सांगा."

"जेवले. झोपले. रडले नाही. दुपारी पाऊण तास प्रयत्न केला."

कंपाउंडरने चष्मा काढला आणि तो हसला. बारीक, खांदे हलवत. त्याला हसताना मेट्रनबाईंनी कधी पाहिलंच नव्हतं. दात चांगले होते.

"मी 'हो' लिहितो," तो म्हणाला. "तुमची शेवटची छावणी आहे. अख्ख्या हॉस्पिटलाला माहीत आहे. आणि माझं तुम्ही छान लिहा, नाहीतर मी गेलो की तुम्हीही जाल. व्यवहार साधा आहे."

व्यवहार खरंच साधा होता. मेट्रनबाई त्याचं कार्ड घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या. एक 'झोपले' लिहायचं, एक 'जेवले' लिहायचं, रडण्याच्या रकान्यात एक 'थोडं', आणि बारा दिवस दोघेही इथे. आयुष्यभर त्यांनी पोरींना सांगितलं होतं, की ताप खोटा लिहिलास तर रोगी मरतो, कागद मरत नाही. त्यांनी कार्डावर लिहिलं: 'जेवण नाही. झोप नाही. रडणं नाही. नाडी ११४. मोजणीत चुका. उद्याच घरी पाठवावे.' खाली सही केली. अक्षर अगदी लागेल असं काढलं.

छोट्या डॉक्टरांनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून वाचली. मेट्रनबाईंच्या कार्डावर कंपाउंडरने लिहिलं होतं, 'भरपूर रडल्या.'

"भरपूर?" छोट्या डॉक्टरांनी विचारलं.

"खोटं आहे ते," मेट्रनबाई म्हणाल्या. "एक थेंब नाही."

छोट्या डॉक्टरांनी कपाळावर हात फिरवला. "मग उद्या अकराचा ट्रक. दोघंही. दुसरी जोडी लावून दिली असती, पण सगळे लागलेले आहेत, आणि खरं सांगायचं तर तुमची जोडी व्हायला कुणी तयारही होणार नाही. घाबरतात सगळे."

सकाळी मेट्रनबाईंनी पिशवी भरली, म्हातारबाबांचा चांगला पाय शेवटचा धुतला, आणि प्रयोगशाळेत गेल्या. कंपाउंडर वही सोडायला तयार नव्हता. "लोक येणार आहेत. मी कुणाला 'उद्या या' म्हणालोय."

"ट्रक येईपर्यंत मी बसते," मेट्रनबाई म्हणाल्या. "खालून कुणी वही घ्यायला येईल. तुम्ही जाऊन ट्रकजवळ बसा. हा हुकूम आहे."

अकरा वर्षांनंतरचा पहिला हुकूम कंपाउंडरने मुकाट्याने ऐकला. मेट्रनबाई खिडकीत बसल्या. पहिला माणूस आला, त्याने भावाचं नाव सांगितलं. त्यांनी वहीत शोधलं. आहे, काही कळलं नाही. दुसरी आली, तिची मुलगी, वय सहा. वहीत मुलीच्या नावापुढे कंपाउंडरने लिहिलं होतं, 'निळा फ्रॉक, आईने शिवलेला'. पाय धुताना बरं असतं. जखम दिसते, ती साफ करता येते, तिला पट्टी बांधता येते. इथे हाताला काही कामच नव्हतं. तिसरा आला. चौथी ती लाल स्वेटरवाली.

"बहिणीचं काही कळलं?"

मेट्रनबाईंनी वही उघडली. पान दिसेना. त्यांनी चष्मा पुसला, तरी दिसेना. मग लक्षात आलं, की चष्म्याचा दोष नाही. त्यांनी मान खाली घातली, आणि जे सुरू झालं ते काही केल्या आवरेना. खांदे गदगदत होते, नाक वाहत होतं, रांगेतली सगळी माणसं बघत होती आणि खिडकी बंद करायचंही भान उरलं नव्हतं. एवढी वर्षं ज्या रांगांपुढे त्या ताठ बसल्या, त्या सगळ्या रांगा एकदमच आल्यासारखं झालं.

लाल स्वेटरवालीने खिडकीतून हात आत घातला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"तुमचं कोण गेलंय, ताई?"

मेट्रनबाईंनी मान हलवली. कुणी नाही, असं सांगायचं होतं.

"असू दे, असू दे," ती बाई म्हणाली. "सकाळपासून पोटात काही आहे का? तोंड बघा किती सुकलंय. झोप तरी लागते का रात्री?"

मेट्रनबाईंना न्यायला आलेल्या छोट्या डॉक्टर मागे दारात उभ्या होत्या. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. त्यांनी खिशातून मेट्रनबाईंचं पिवळं कार्ड काढलं, जोडीदाराच्या जागेवरचं कंपाउंडरचं नाव खोडलं आणि खिडकीपाशी येऊन त्या बाईला विचारलं, "ताई, तुम्ही रोज येता का इथे?"

"येते की. बहीण सापडेपर्यंत येणारच."

"मग हे रोज विचाराल का यांना? आत्ता विचारलंत तेच."

"ते काय सांगायला लागतं होय?" ती बाई म्हणाली.

छोट्या डॉक्टरांनी त्या बाईचं नाव कार्डावर लिहिलं, कार्ड खिडकीत ठेवलं आणि ट्रकवाल्याला, एकालाच घेऊन जा, असं सांगायला त्या पळत गेल्या. मेट्रनबाईंनी पदराने नाक पुसलं, वही सरळ केली आणि सवयीप्रमाणे कार्ड वाचलं. जोडी म्हटली की उत्तर देऊन भागत नाही, उलट विचारावंही लागतं. त्यांनी त्या बाईकडे पाहिलं. नऊ दिवस ती या खिडकीवर येत होती. स्वेटरच्या बाह्या चिखलाने कडक झाल्या होत्या.

"तुम्ही जेवलात का?" मेट्रनबाईंनी विचारलं.

त्या बाईने आधी मागच्या रांगेकडे पाहिलं, मग पुन्हा खिडकीत.

"नाही," ती म्हणाली. "कुणी विचारलंच नाही."

मेट्रनबाई उठल्या, प्रयोगशाळेचं दार उघडलं, आणि तिला आत बसायला कंपाउंडरचं स्टूल दिलं.